ट्राउटचा एप्रिल

मार्च संपत आला की पुण्यात आमच्या सोसायटीतल्या बायका रजया गच्चीवर उन्हात टाकतात, कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास जिन्यात रेंगाळतो, आणि मला कौलभाभी आठवतात. त्यांचा रजयांशी किंवा कुरडयांशी काही संबंध नव्हता. पण या दिवसांत त्या बदलायच्या. एरवी शांत, थोड्या अबोल असलेल्या त्या बाई मार्चअखेर सारख्या खिडकीशी जायच्या, पडदा सारून आकाशाकडे बघायच्या, आणि मी विचारलं की म्हणायच्या, "कुछ नहीं. वहाँ बर्फ पिघल रही होगी."

खिडकीबाहेर अबुधाबी असायचं. समोरच्या इमारतीच्या निळ्या काचा, गच्चीवरच्या डिश अँटेना, खाली टॅक्स्यांची रांग, आणि इमारतींच्या फटीतून दिसणारा समुद्राचा एक तुकडा. बर्फ फक्त आमच्या फ्रीजमध्ये होता.

आम्ही सातव्या मजल्यावर समोरासमोर राहायचो. माझा नवरा श्रीकांत तेलकंपनीत, मी एका बँकेत, आमची सई शाळेत. कौलसाहेब एका बांधकाम कन्सल्टन्सीत इंजिनिअर होते. ते दोघं मूळचे काश्मीरचे. भाभींचे वडील तिकडे सरकारी मत्स्यखात्यात होते, नदीवर त्यांची नेमणूक असायची. नव्वद साली घरचे सगळे जम्मूला आले आणि मागे राहिलेल्या घराला कुलूप लागलं. एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं, तेही चहाचे कप धुता धुता. गावाचं नाव त्या घेत नसत. नदीबद्दल मात्र बोलायच्या, नदीतल्या ट्राउटबद्दल तर खूपच.

ट्राउट हा बर्फाच्या वाहत्या पाण्यातला ठिपकेदार मासा. पाण्यावर उतरणाऱ्या किड्यांवर तो जगतो, म्हणून त्याला धरायचं तर पिसं आणि दोरा गळावर बांधून खोटी माशी करायची आणि ती लांब दोरीच्या टोकानं पाण्यावर अशी अलगद टेकवायची, की खरीच उतरली असं त्याला वाटावं. भाभींना हे वडिलांनी शिकवलं होतं. त्यांची वेताची तीन तुकड्यांची रॉड त्या अबुधाबीला घेऊन आल्या होत्या. श्रीकांतला हे कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "म्हणजे माशीनं मासा धरायचा?" तो म्हणाला. "आणि इथे कुठे आहे ट्राउट? इथलं पाणी जुलैत चहा करण्याइतकं तापतं."

"ट्राउट नहीं है, भाईसाहब," भाभी म्हणाल्या. "पर हाथ भूल न जाए, इसलिए जाती हूँ."

हात विसरू नये म्हणून. शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, शहर झोपलेलं असताना त्या ब्रेकवॉटरवर, समुद्रात घातलेल्या दगडी बांधावर जायच्या. एकदा गाडी बंद पडली म्हणून मी त्यांना सोडायला गेले आणि तिथेच थांबले. तो डिसेंबर होता. समुद्रावर दाट धुकं होतं, मशिदीचे मिनार त्याच्यातून फक्त वरच्या टोकांनी दिसत होते. शाल गुंडाळलेली एक ठेंगणी, चाळिशीची बाई दगडांवर उभी राहिली आणि तिच्या डोक्यावरून एक पिवळी दोरी मागे गेली, हवेत सरळ ताणली, क्षणभर थांबली, आणि पुढे येऊन पाण्यावर उलगडली. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट इतक्या रिकाम्या जागी पाहिली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले. मग जातच राहिले.

मी मूळची मुलुंडची, मासे खाणारी. बाजारात कालवं नि बोंबील निवडण्यात माझा हात कोणी धरला नसता, पण मासा धरणं हा काही आमच्या घरातल्या बायकांचा उद्योग नव्हता. पहिल्या दिवशी दोरी माझ्याच कानाला लागली. दुसऱ्या दिवशी ओढणीत अडकली. भाभी त्यांचीच रॉड माझ्या हातात देऊन मागे उभ्या राहून माझं मनगट धरायच्या. "जल्दी मत करो. पीछे वाली लाइन पूरी खुलने दो. थोड़ा रुको. अब." ते थांबणंच मला जमत नसे. दिवसभर बँकेत यल्ला, यल्ला, म्हणजे चला, लवकर, ऐकणाऱ्या माणसाला हवेत थांबायला कोण शिकवणार?

हिवाळ्यात तिथे चंदेरी, लांबट मासे किनाऱ्याजवळ यायचे. इंग्रज लोक त्यांना क्वीनफिश म्हणत. ते माशीवर असे तुटून पडत की हातातली दोरी बोटं कापत निघून जाई. भाभींनी धरला की त्या गळ हलकेच काढायच्या, मासा पाण्यात आडवा धरून ठेवायच्या आणि त्याला दम आला की सोडून द्यायच्या. पहिल्यांदा मी जवळजवळ ओरडलेच होते. तो चांगला सव्वा हाताचा मासा होता, माझ्या डोळ्यांसमोर त्याचं कालवण झालेलं होतं.

"सोडायचाच असेल तर धरायचा कशाला?" घरी श्रीकांतनं विचारलं.

सई सोफ्यावरूनच म्हणाली, "बाबा, इट्स कॉल्ड कॅच अँड रिलीज." आणि टीव्हीकडे वळली.

एकदा तिथे गस्तीवरचा एक तरुण पोलीस आला. दोन बायका, एक पिवळी दोरी, हवेत वळवळणारं काहीतरी, यातून त्याला काही बोध होईना. त्यानं अरबीत विचारलं, हे काय आहे. भाभींना त्यांच्या कामापुरती अरबी येत होती. "समक," त्या म्हणाल्या, म्हणजे मासा. त्यानं दगडांवर पाहिलं, पिशवीत पाहिलं. मासा कुठेच नव्हता. "वेन समक?" कुठाय मासा? भाभींनी समुद्राकडे बोट केलं. तो हसू दाबत बराच वेळ उभा राहिला, भाभींनी फेकलेली दोरी बघत राहिला, आणि जाताना म्हणाला, "इन्शाल्ला." त्या दिवशी परत येताना आम्ही दोघी गाडीत उगाचच हसत होतो.

मे लागला की हे सगळं बंद. वारा असा सुटायचा की दोरी तोंडावर परत यायची. मग दमटपणा. सकाळीच चष्म्यावर वाफ, दगडांना हात लावता येईना. मग हंगाम घरात यायचा. दुपारी एसीची घरघर, ओढलेले पडदे, आणि भाभींच्या जेवणाच्या टेबलावर छोटा व्हाइस, म्हणजे स्क्रूनं आवळायची पकड, आणि त्यात धरलेला गळ. त्यावर त्या दोरा, पिसं, सशाच्या केसांचे पुंजके बांधत. पिसं त्या कुठून कुठून जमवायच्या. मोराच्या पिसातला एकेक केस त्या दोन बोटांत धरून गुंडाळायच्या, आणि पाहता पाहता गळावर एक तपकिरी, केसाळ किडा बसलेला दिसायचा. त्यांच्या तुलनेत माझ्या माशा म्हणजे झाडूचे तुकडे. पण एक गोष्ट माझी होती. आईच्या जुन्या, फाटलेल्या शालूची जर मी आणली होती. ती माशीच्या पोटाला गुंडाळली की पाण्यात चमकायची, आणि क्वीनफिशला ती फार आवडायची. भाभींनी तिचं नाव मुलुंड ठेवलं. "आज मुलुंड लगाऊँ?" असं त्या गंभीर चेहऱ्यानं विचारायच्या.

त्या टेबलाशी बसून आम्ही ठरवलं, की एकदा खऱ्या नदीवर जायचं. तिकडे काश्मीरला नाही, तर हिमाचलात. तिथे तीर्थन नावाची नदी आहे, तिच्यात ट्राउट आहे, असं भाभींना ठाऊक होतं. ठरवणं सोपं होतं. अडचण अशी होती की ट्राउटचा हंगाम एप्रिल-मेचा. तेव्हा पाणी काचेसारखं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं नदी गढूळ होते, मासा माशी बघूच शकत नाही. आणि आमची सुट्टी जुलै-ऑगस्टचीच. अबुधाबीतल्या शाळा तेव्हाच बंद व्हायच्या, ऑफिसं तेव्हाच रजा द्यायची, सगळा गल्फ तेव्हाच विमानात बसायचा. एप्रिलमध्ये सईचं नवीन वर्ष सुरू व्हायचं, माझ्या बँकेत मार्चचे हिशेब संपून त्यांच्या तपासण्या सुरू व्हायच्या. नदीचा हंगाम आणि आमची मोकळीक यांच्यात दर वर्षी तीन महिन्यांचं अंतर राहायचं, आणि दर वर्षी आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू. हे म्हणताना आम्हाला काही वाटायचं नाही. परदेशात राहणारी माणसं सगळंच पुढच्या वर्षावर टाकून जगतात. घर पुढच्या वर्षी, आईवडिलांसोबत राहणं पुढच्या वर्षी, कायमचं परतणं तर नेहमीच पुढच्या वर्षी.

एका जुलैत मात्र भाभींनी हट्ट धरला. "गढूळ असली तर असू दे," अशा अर्थाचं काहीतरी त्या म्हणाल्या. "देख तो लेंगे." पुरुषांना रजा नव्हती. मी मुलुंडच्या मुक्कामातून एक आठवडा काढला आणि आम्ही तिघी, भाभी, मी आणि बारा वर्षांची सई, दिल्लीहून बसनं निघालो. घाटात पाऊस, खिडकीतून गळणारं पाणी, सईच्या उलट्या. तिसऱ्या वळणानंतर ती म्हणाली, "आई, व्हाय आर वुई डूइंग धिस?" मी तिला लिंबू चोखायला दिलं.

गेस्टहाउस नदीच्या काठावरच होतं. नदी दिसण्याआधी ऐकू आली. आत मोठे धोंडे एकमेकांवर आपटत होते, त्याचा दबका आवाज जमिनीतून तळपायाला लागायचा. पाणी कॉफीच्या रंगाचं होतं, झाडांच्या फांद्या घेऊन धावत होतं. भाभी काठावर गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. छत्री त्यांच्या हातात होती पण उघडलेली नव्हती. गेस्टहाउसचे मालक, नेगी नावाचे सद्गृहस्थ, मागे येऊन अदबीनं म्हणाले, "मैडम, अप्रैल में आना था."

"हाँ," भाभी म्हणाल्या. "पता है."

आम्ही तीन दिवस राहिलो. त्यांनी रॉड नळीतून काढलीच नाही. दिवसभर आम्ही व्हरांड्यात बसायचो, सई नेगींच्या मुलीबरोबर पत्ते खेळायची. आणि त्या तीन दिवसांत भाभींनी मला जे सांगितलं ते अबुधाबीत पाच वर्षांत सांगितलं नव्हतं. हंगाम उघडायच्या दिवशी त्यांचे वडील त्यांना सोबत न्यायचे. आई रोट्या आणि अक्रोड बांधून द्यायची, आणि दरवर्षी एकच बोलायची, मुलीची जात आहे, हिला कशाला नदीत उतरवता. वडील तिच्या हातातून पुडकं घेऊन निघायचे. वाटेत मात्र म्हणायचे, तुझ्या भावांना धीर नाही, तुला आहे. जम्मूच्या भाड्याच्या खोलीत, छताच्या पंख्याखाली, शेवटच्या आजारात ते बोटांनी चादरीचे धागे गुंडाळत राहायचे. नर्सला वाटायचं भ्रमात आहेत. "मुझे दिखता था," भाभी म्हणाल्या, "वो मक्खी बाँध रहे थे."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. पाऊस पडतच होता. निघताना त्यांनी काठाशी बसून पाण्यात मनगटापर्यंत हात घातला आणि मला म्हणाल्या, "एक बार अप्रैल में. बस एक बार."

ते जवळजवळ जमलंच होतं. सईची दहावी झाली त्या वर्षी. मार्चमध्ये तिची परीक्षा संपणार, एप्रिलमध्ये ती आजीकडे राहणार. मी बँकेत सहा महिने आधी रजेचा अर्ज दिला होता आणि साहेबांनी तो कुरकुर न करता मान्य केला होता. दिल्लीची तिकिटं झाली. भाभींनी त्या हिवाळ्यात वेड्यासारख्या माशा बांधल्या. डबा भरला तरी बांधत राहिल्या. ब्रेकवॉटरवर मला त्या आता रागवायच्या, कारण नदीवर समुद्रासारखं जोरात फेकून चालणार नव्हतं. मलाही आता थांबणं जमायला लागलं होतं. एका शुक्रवारी माझी दोरी अगदी त्यांच्यासारखी उलगडली. मी वळून पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवली. कोणी मला पीएचडी दिली असती तरी मी इतकी खूश झाले नसते.

मार्चच्या मधल्या एका दुपारी मी बँकेतून आले तर कौलभाभींचं दार उघडं होतं. कौलसाहेब एवढ्या लवकर कधी घरी नसत. ते सोफ्यावर टाय सैल करून बसले होते. भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"प्रोजेक्ट खलास," कौलसाहेब म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "कॉन्ट्रैक्ट रिन्यू नहीं हो रहा. एक महीना दिया है."

गल्फमध्ये ही बातमी सगळ्यांच्या दारावर कधी ना कधी येते. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर. वर्षानुवर्षं राहिलेलं घर एका महिन्यात मिटवायचं. त्यांचे कॅनडाचे कागद आधीपासून तयार होते, लांबणीवर टाकलेले. आता तेच एक दार उघडं होतं. त्यांचा एप्रिल खोक्यांत गेला. मी धाडस करून एकदा म्हटलं, "भाभी, चार दिन. चार दिन में हो आएँगे. खोकी मी भरते आल्यावर."

त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडली. "मंजिरी, इस हाल में नदी पर जाऊँगी तो मछली को भी पता चल जाएगा."

त्यांच्या विमानाच्या दिवशी आम्ही चौघं विमानतळावर गेलो. त्यांच्या पंधरा वर्षांच्या संसारात हातात धरून नेण्यासारखी एकच वस्तू होती, ती रॉडची लांब अल्युमिनियमची नळी. सिक्युरिटीवाल्यानं ती उघडायला लावली आणि आत वाकून पाहिलं. मी काचेपलीकडून बघत होते. माझ्या पर्समध्ये दिल्लीची तिकिटं तशीच होती. मी एकटी जाऊ शकले असते. मला तो विचारसुद्धा शिवला नाही.

पुढे फोनकार्डं आली, ती खरवडून दर रविवारी बोलायचो. मग महिन्यातून एकदा. मग दिवाळीला आणि नवरेहला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, जे आपल्या पाडव्याच्या आसपासच येतं. आम्हीही अबुधाबी सोडून पुण्याला आलो. ब्रेकवॉटरवर मी त्यांच्यानंतर कधी गेले नाही. श्रीकांतनं दोनदा विचारलं, चल, मी येतो सोबत. मी म्हटलं, माझ्याकडे रॉड कुठे आहे?

त्या एकदा पुण्याला आल्या, भाच्याच्या लग्नाला. केस कापलेले, पांढरे, अंगात जाड जॅकेट. टोरोंटोजवळच्या एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहायच्या, आठवड्याचे सहा दिवस. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवणानंतर बाल्कनीत बसलो तेव्हा मी म्हटलं, अब तो आपके घर के पास ही ट्राउट होगी.

"है. बीस मिनट पर नदी है. साफ़, ठंडी. लोग जाते हैं."

"आणि तुम्ही?"

त्यांनी खालच्या पार्किंगकडे पाहिलं. "एक बार गई थी. रॉड जोड़ी, खड़ी रही. अब मन नहीं करता, मंजिरी. जब मन था तब नदी नहीं थी. बस इतना ही है."

मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी, असं मला वाटलं होतं. रात्री भांडी आवरताना कळलं की मला राग आला होता. त्या सगळ्या शुक्रवारांचा, जुलै महिन्यांचा, आणि आमच्या त्या गोड, बिनघोर 'पुढच्या वर्षी'चा. ऋतूंना काय, ते फिरून येतात. माणसाच्या इच्छेचा हंगाम किती दिवसांचा असतो हे कोणी आधी सांगत नाही, आणि तो संपला हेही नंतरच, कुणाच्या तरी बाल्कनीत बसल्यावर कळतं.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मी तीर्थनला गेले. श्रीकांत सोबत आला, मफलर आणि पुस्तक घेऊन. जायच्या आधी मी भाभींना फोनवर सांगितलं होतं, गेस्टहाउसचा नंबरही दिला होता. त्या फक्त "अच्छा" म्हणाल्या होत्या.

नदी मी ओळखलीच नाही. इतकी लहान होती ती. हिरवट, काचेसारखी, तळाचा प्रत्येक गोटा दिसत होता. काठावर जर्दाळूची झाडं फुलून गेली होती. नेगींकडून भाड्यानं घेतलेली फायबरची रॉड मी जोडली आणि गुडघाभर पाण्यात उतरले. सकाळभर काही झालं नाही. दोन माशा फांदीत गेल्या. दुपारी, एका दगडामागच्या संथ पाण्यात, माशी टेकली आणि तिच्याखालून एक सावली उठली. वीतभर मासा. सोनेरी पोट, लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, कोणी टाक घेऊन काढल्यासारखं. तो माझ्या ओंजळीत धडधडत होता. भाभींनी मला तो किती वेळा वर्णन करून सांगितला होता, आणि तो तसाच होता, तंतोतंत, आणि तो बघायला त्या नव्हत्या. मी हात उघडले.

मला वाटलं होतं, मासा मिळाला की काहीतरी पुरं होईल. काही झालं नाही. काठावर येऊन मी बूट काढत बसले, आणि हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी मी वापरून घेतलं असं काहीसं मनात येत राहिलं.

संध्याकाळी जेवणघरात शेगडीशी बसले असताना फोन वाजला. नेगी म्हणाले, मैडम, कनाडा से है.

मी मासा मिळाल्याचं सांगायला तोंड उघडलं. पण भाभींनी माशाचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "पानी में उतरी थी?"

"हाँ."

"पाँव सुन्न हुए?"

"झाले," मी मराठीतच म्हटलं. "अजून आहेत."

तिथे सकाळ होती, त्यांची कामावर जायची वेळ. मग त्या म्हणाल्या, "पहले दिन मेरे भी हो जाते थे. मैं रोती थी. पिताजी किनारे पर बैठ के दोनों पाँव अपने ढीले ऊनी फिरन के अंदर ले लेते थे, पेट से लगा के. उन्हें कितनी ठंड लगती होगी, मैंने कभी सोचा ही नहीं."

फोन दोघींनीही ठेवला नाही. श्रीकांत पुस्तक मिटून उठला, त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आतून गरम पाण्याची बादली आणून माझ्या पायांशी ठेवली.